खेळ कोणाचा?

श्रावणातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे होतो. धर्मग्रामातील एक माउली आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, घर गल्लीच्या टोकाला. मुलगा अंगाने हलका आणि चपळ, म्हणून गल्लीतल्या गोविंदा पथकाने त्याला सर्वांत वरच्या थरासाठी निवडले होते. "फादर, दहीहंडी हा सण की खेळ? सण असेल तर आपण लांबूनच हात जोडू. खेळ असेल तर पोराला जाऊ देते," ती म्हणाली.

शेजाऱ्यांच्या सणाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण आम्हाला दुसऱ्या मिस्सेला जायची घाई होती. आम्ही हसून म्हणालो, "सरकारनेच त्याला खेळ म्हटले आहे, मग तुम्हाला कसली शंका?" माउली समाधानाने निघून गेली. आमचे उत्तर मात्र चुकले होते आणि ते उमगायला आम्हाला आठ दिवस लागले.

सरकारने म्हटले होते, हे खरेच. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीची उंची वीस फुटांवर आणली आणि अठरा वर्षांखालील मुलांना त्यात मनाई केली. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, परत आला. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट चौदा वर्षांवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत तिला खेळ म्हणून मान्यता जाहीर केली आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदांना स्थान देण्याची घोषणा केली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले त्यावर संतापली. तेव्हा 'खेळ कशाला म्हणावे' हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. त्या एका शब्दावर कोणाची नोकरी अवलंबून असते, तर कोणाचे हाडही.

पण शासनाच्या निर्णयाने एखादी गोष्ट खेळ होते काय? घाम गाळल्याने होते काय? आमच्या भिवंडीच्या गोदामांत जाऊन पाहावे. हमाल दिवसभर पोती उचलतो. आखाड्यातल्या भारोत्तोलकाने लाजावे इतके वजन संध्याकाळपर्यंत त्याच्या पाठीवरून गेलेले असते. तरी त्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. उलट कॅरम खेळणारा खुर्चीत बसून एका बोटाने सोंगटी मारतो. आणि १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठीच मिळाला. तेव्हा घाम ही काही खेळाची खूण नव्हे. धोका ही तर मुळीच नव्हे. मागाच्या पट्ट्यात हात सापडण्याचा धोका रोज पत्करणारा कामगार खेळत नसतो.

मग फरक कुठे आहे? हमालाला पोते गाडीत पोहोचवायचे असते. ढकलगाडी मिळाली तर तो आनंदाने घेईल. हंडीचे तसे नाही. शिडी लावली तर कोणीही हंडी उतरवू शकेल. पण शिडी लावली की खेळच संपला. कॅनडात तत्त्वज्ञान शिकवणारे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले आहे. सोपी वाट असताना ती नियमाने बंद करायची, आणि अवघड वाट आपण होऊन पत्करायची, कारण त्यावाचून खेळ होत नाही. गरज नसलेली अडचण माणूस आनंदाने अंगावर घेतो, यात मानवी स्वातंत्र्याचे एक सुंदर दर्शन घडते. पशू पोटासाठी धावतो. माणूस केवळ धावण्यासाठीही धावतो.

या कसोटीवर दहीहंडी खेळ ठरते, यात आम्हाला शंका नाही. एकमेकांच्या खांद्यांवर विश्वासाने उभे राहणारे ते तरुण आम्ही अनेकदा कौतुकाने पाहिले आहेत. २०१२ साली आमच्याच जिल्ह्यात, ठाण्यात, जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. त्रेचाळीस फुटांहून अधिक उंचीचा तो मनोरा गिनीज बुकात नोंदला गेला. त्यामागे महिनोन्‌महिन्यांचा सराव आणि शिस्त असते. पण या कसोटीतला एक शब्द आम्ही त्या रविवारी विसरलो होतो. तो शब्द म्हणजे 'आपण होऊन'.

आठ दिवसांनी रात्री एका आजाऱ्याला भेटून परतताना आम्ही त्या गल्लीतून चाललो होतो. दिव्याखाली सराव चालला होता. पाचव्या थरावर तो मुलगा उभा होता. त्याचे पाय लटलटत होते. "दादा, उतरवा," तो म्हणत होता. खालून आवाज येत होता, "हात वर कर! घाबरतोस काय?" त्या तरुणांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याला काही होऊ नये म्हणून चार जण हात पसरून उभेही होते. पण ते सारे खेळत होते आणि तो खेळत नव्हता. त्याला 'नको' म्हणता येत होते. ते ऐकणारे कोणी नव्हते. एकच मनोरा, पण खालच्यांसाठी तो खेळ होता आणि शिखरावरच्या लेकरासाठी नव्हता.

बैलगाडा शर्यतीचा वाद आठवावा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. कायद्याचा निकाल लागला. तरीही शर्यतीत खेळाडू असतो तो गाडीवान. बैलाला ना नियम ठाऊक, ना विजय. ज्याला नकार देता येत नाही तो खेळाचा भाग असेल, खेळाडू नव्हे. मुक्या जनावराच्या बाबतीत हे आपल्याला चटकन दिसते. बोलत्या लेकराच्या बाबतीत मात्र दिसत नाही.

स्पेनमधील कॅटलोनिया या कॅथोलिक परंपरेच्या प्रांतातही असेच मानवी मनोरे रचतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. तेथेही शिखरावर लहान मूलच चढते, त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते. पण तेथला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. मनोरा चढून पुरा झाला, एवढ्याने त्याला पुरे श्रेय मिळत नाही. तो न कोसळता, थराथराने सुखरूप उतरला तरच मिळते. आपल्याकडेही सलामी देऊन तितक्याच शिस्तीने उतरणारी पथके आहेत. वर चढलेला प्रत्येक जण खाली पायांवर उभा राहीपर्यंत खेळ पुरा होत नाही, हा नियम खेळाडूला खेळाहून मोठा मानतो.

चर्चच्या परंपरेत खेळालाही स्थान आहे. शरीराला जशी झोप, तसा मनाला खेळ हवा, असे संत थॉमस अक्वायनस यांचे मत होते. धनुष्य सदा ताणलेले ठेवले तर मोडते, ही संत योहानाची जुनी आख्यायिका त्यांनी त्यासाठी सांगितली आहे. मात्र खेळ अपायकारक नसावा आणि तो व्यक्तीला, वेळेला, स्थळाला साजेसा असावा, असे त्यांनी बजावले. संत पौलाने तर करिंथच्या मंडळींना शर्यतीचाच दाखला दिला, आणि तीमथ्याला लिहिताना मल्लाच्या मुकुटाची सांगड नियमांशी घातली. पण पौलाची शर्यत कोणी कोणावर लादलेली नाही. ती ज्याची त्याने धावायची असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो आणि सांगितले, "बाई, त्या दिवशी आमचे उत्तर चुकले. मुलगा बारा वर्षांचा आहे, नियमानेच त्याला वर चढता येत नाही. हे आम्हाला आठवायला हवे होते. आणि नियम नसता तरी आधी त्यालाच विचारायला हवे होते." मुलगा दाराआडून ऐकत होता. तो म्हणाला, "फादर, मला खेळायचं आहे. पण मला हवं तेव्हा उतरवणार असतील तरच." पथकातील तरुणांशीही आम्ही बोललो. त्यांनी खळखळ केली नाही. एकाने तर मान खाली घातली.

वाचकहो, हंडी आपल्या घरातही टांगलेली असते. पहाटे पाचला झोपेतून उठवून क्रिकेटच्या शिबिराला नेलेले मूल, बक्षीस हुकले म्हणून घरी येताना रडणारे मूल आपण पाहतो. मैदान असते, गणवेश असतो, नियम असतात, पंच असतो. तरीही तो खेळ आहे की नाही, हे आपल्याला बाहेरून ठरवता येत नाही. त्यासाठी वरच्या थरावरच्या लेकराला हाक मारावी लागते, "बाळा, उतरायचं आहे का?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.