यरुशलेमेस जावे काय?

पवित्र शास्त्रात ज्या देशाचे नाव पानोपानी येते, तो देश एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी इच्छा कोणत्या ख्रिस्ती मनुष्यास होत नाही? बेथलेहेम, नासरेथ, गालील ही नावे आमच्या खेड्यांतील मुलांस आपल्या तालुक्यातील गावांइतकीच पाठ असतात. पूर्वी असा प्रवास थोड्या लोकांच्याच वाट्यास येत असे. आता नागपुराहून मुंबईस जाऊन विमानात बसलेला मनुष्य एकदोन दिवसांत कैरो किंवा अम्मान शहरी उतरतो, आणि मार्ग शांत असतील तर दहाबारा दिवसांत मिसर, जॉर्डन व इस्राएल पाहून घरी परततो. प्रवास सुलभ झाला. परंतु त्यामुळे प्रश्न सुलभ झाला असे नाही. 'जाता येईल काय?' हा प्रश्न पैशाने सुटतो. 'जावे काय?' हा प्रश्न विवेकानेच सोडवावा लागतो.

सीताबर्डी येथील एका ख्रिस्ती दांपत्याने हाच प्रश्न आम्हांपुढे मांडला. त्यांच्या अनुमतीने, नावे न देता, तो वाचकांपुढे ठेवीत आहो. पती शाळामास्तर होते, पत्नी परिचारिका होत्या. दोघेही सेवानिवृत्त झाली आहेत. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली आहे. पवित्र भूमीची यात्रा करावी, आणि तेथील एखाद्या मंडळीत काही दिवस राहून आपल्या हातून होईल ती सेवाही करावी, असा उभयतांचा जुना संकल्प. परंतु पतीची वृद्ध आई भंडारा जिल्ह्यातील एका गावी धाकट्या मुलाजवळ राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे, आणि तिच्या औषधपाण्यापायी त्या मुलावर सावकाराचे कर्ज झाले आहे. पती म्हणतात, "हा पैसा आम्ही देवास वाहिला आहे. देवास दिलेले परत कसे घ्यावे?" पत्नी म्हणतात, "आईंना घरातला उंबरठा दिसत नाही, आणि आपण प्रभूचे जन्मस्थान पाहावयास निघालो, हे माझ्या मनास बोचते."

प्रथम यात्रेच्या मूल्याविषयी बोलू. शोमरोनी स्त्रीने प्रभूस विचारले की, उपासनेचे खरे स्थान आमचा डोंगर की तुमचे यरुशलेम? योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. पिता आत्म्याने व खरेपणाने भजणारे शोधतो. त्यास या डोंगराचे किंवा त्या नगराचे बंधन नाही. म्हणून यार्देन नदीचे पाणी अंगावर घेतल्याने कोणाचे एकही पाप धुतले जात नाही, आणि यरुशलेम न पाहता मेलेल्या आमच्या शेतमजूर बांधवाच्या तारणात तसूभरही उणे पडत नाही. हे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनी पक्के ध्यानी धरावे. रामटेकची जत्रा वा पंढरीची वारी सोडून आलेल्या विश्वासणाऱ्यास शेजारी विचारतात, "मग तुमचे तीर्थ कोणते?" हा प्रश्न ते बहुधा कुचेष्टेने विचारीत नाहीत. आपणही सरळ उत्तर द्यावे की, आमचा प्रभू उठला आहे, आणि दोघे किंवा तिघे त्याच्या नावाने जमतात तेथे तो असतो.

तर मग यात्रा व्यर्थच म्हणावी काय? तसेही आम्हांस वाटत नाही. आपला विश्वास केवळ कल्पनेवर उभारलेला नाही. शब्द देही झाला, तो एका देशात, एका काळी, ठाऊक असलेल्या गावांत. तो देश पाहिला म्हणजे शास्त्रातील पुष्कळ गोष्टी उलगडतात. यरुशलेमेहून यरीहोस 'खाली जाणारा' मनुष्य लुटारूंच्या हाती सापडला, असे आपण वाचतो. खरोखरच ती वाट ओसाड डोंगरांतून सुमारे १००० मीटर खाली उतरते, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली वसले आहे. अशा वाटेवर जखमी मनुष्यासाठी थांबणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होय, हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते. बेथलेहेमातील जन्ममंदिराचे दार इतके ठेंगणे आहे की मोठ्या मनुष्यास वाकल्यावाचून आत जाता येत नाही. असे शिक्षण मिळत असेल तर ते तुच्छ मानू नये.

आपल्या प्रांतात याचा एक जुना दाखला आहे. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन १८४३ साली स्वदेशी जाताना मिसर, सीनाय व पॅलेस्टाइन या मार्गाने गेले. १८३९ साली ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता ते पारशी तरुण धनजीभाई नवरोजी त्यांच्याबरोबर होते. या प्रवासावर विल्सनसाहेबांनी १८४७ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अवशेषांचे वर्णन आहे तसेच तेथे वसणारे यहूदी, शोमरोनी आणि पौर्वात्य ख्रिस्ती मंडळ्या यांचीही सविस्तर माहिती आहे. त्यांनी दगड पाहिले, आणि त्या दगडांजवळ राहणारी माणसेही पाहिली. धनजीभाई पुढे दीक्षित पाळक होऊन आयुष्यभर येथील मंडळीच्या सेवेत राहिले. ज्या यात्रेने मनुष्य आपल्या सेवेस अधिक लायक होऊन परततो, ती यात्रा सफळ झाली असे म्हणावे.

आता त्या पतीच्या आक्षेपाकडे वळू. देवास वाहिलेला पैसा आईकडे वळविता येईल काय? मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने याचाच निवाडा केला आहे. आईबापांस जे द्यावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवास अर्पिलेले, असे म्हणून कित्येक लोक आपले कर्तव्य चुकवीत. प्रभूने त्यास भक्ती म्हटले नाही. अशाने देवाचे वचन रद्द होते, असे त्याने सांगितले. यातील तत्त्व सरळ आहे. जे आधीच दुसऱ्याचे देणे आहे, ते देवास वाहण्याचा आपणांस अधिकारच नाही. आईचे डोळे हे पुत्रावरील ऋण होय. ते ऋण न फेडता केलेला संकल्प कितीही सुंदर असला तरी तो दुसऱ्याच्या पैशाने केलेला संकल्प आहे. आमच्या मुसलमान बंधूंच्या धर्मातही हजयात्रेस ऐपतीची अट आहे, आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या निर्वाहाची सोय आधी करावी लागते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल एकनाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा तर महाराष्ट्रात लहान मुलांसही ठाऊक आहे. जी गोष्ट शेजाऱ्यांस उमगली, ती ख्रिस्ताच्या शिष्यांस उमगू नये काय?

यावर कोणी म्हणेल, "गरज तर कोठे ना कोठे नेहमीच असते. तिच्याकडेच पाहत बसलो तर कोणीही कधीच घराबाहेर पडणार नाही." या म्हणण्यात तथ्य आहे. बेथानीत एका स्त्रीने मोलवान सुगंधी तेल प्रभूवर ओतले, तेव्हा गरिबांचे नाव पुढे करून कुरकुरणारांस प्रभूने गप्प केले. परंतु त्या स्त्रीने जे ओतले ते तिचे स्वतःचे होते. म्हणून आम्ही जगातील सर्व गरज आधी भागवा असे म्हणत नाही. जी गरज नाव घेऊन आपल्या दाराशी उभी आहे, ती ओलांडून जाऊ नये, इतकेच म्हणतो.

राहिला सेवेचा भाग. पौलाने मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो तिचे कारण देतो. परराष्ट्रीयांस आध्यात्मिक धन यरुशलेमेकडून मिळाले, म्हणून ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे आपले ऋणच आहे. त्या देशात आजही अरबी भाषेत प्रार्थना करणारी प्राचीन ख्रिस्ती घराणी आहेत. बेथलेहेमातील पुष्कळ कुटुंबे जैतुनाच्या लाकडाचे कोरीव काम व यात्रेकरूंची सोय यांवर पोट भरीत आली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, यात्रेकरू येईनासे झाले, आणि त्या वर्षी बेथलेहेमात नाताळचा सार्वजनिक उत्सव झाला नाही. जो कोणी तेथे जाईल, त्याने या बांधवांस शिकविण्याच्या डौलाने जाऊ नये. ते वडील, आपण धाकटे. त्यांच्या उपासनेत बसावे, त्यांचे दुःख ऐकावे, आणि देता येईल ते हळूच द्यावे. ज्यास जाता येत नाही, तोही घरबसल्या वर्गणी व प्रार्थना पाठवू शकतो.

आणि दुसऱ्या एका दांपत्याचा प्रवास सीताबर्डीकरांनी विसरू नये. स्टीफन हिस्लॉप हे पत्नी इरॅस्मा यांच्यासह १८४४ च्या डिसेंबरात मुंबईस उतरले व १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. त्यांनी शास्त्रातील एकही स्थान शोधले नाही. नागपूर-कामठीचा हा टापूच त्यांची वचनभूमी झाला. येथे शाळा चालली, गोंडांची भाषा व गाणी टिपली गेली, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉपसाहेबांचा अंत झाला. तसेच रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसविले व त्यास 'बेथेल' हे नाव दिले. याकोबास देवाचे घर सापडले ते रानात, उशास धोंडा घेऊन निजला असता. बेथेल कोठेही होऊ शकते, हे त्या नावाने मराठी मातीवर लिहून ठेवले आहे.

त्या दांपत्यास आम्ही दिलेला सल्ला असा: आधी आईंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करावी. मग भावाचे कर्ज फेडावे. त्यानंतर पैसा उरला व मार्ग निर्भय असले, तर निःशंक मनाने, उभयतांनी मिळून जावे. न उरला, तर आपण कशास मुकलो असे मानू नये.

गावोगावच्या उपदेशकांस आमची एक विनंती आहे. कोणी यरुशलेमेहून परतला तर मंडळीने त्याचा वृत्तांत आनंदाने ऐकावा. परंतु त्यास उच्चासन देऊ नये, आणि त्याने आणलेल्या पाण्याच्या बाटलीस वा मातीच्या पुडीस कोणी हात जोडू नयेत. जो गेला त्याने नम्र होऊन यावे, जो राहिला त्याने खिन्न होऊ नये. वरील यरुशलेमेची वाट आपल्या प्रत्येकाच्या दारावरूनच जाते, आणि त्या वाटेवर कोणी जखमी पडला आहे काय, हे पाहूनच पाऊल टाकावे.