आतला उजेड आणि पोहरादेवीची वाट



आजचं चिंतन सेवालाल महाराजांच्या एका शिकवणीवर. तांड्यात लहानपणापासून कानावर पडते ती: आधी जाणून घ्या, मग पारखा, त्यानंतरच माना. मला ती नीट कळली ती मात्र बीटल्सच्या एका गाण्यामुळे. हसू नका.

गाण्याचं नाव 'द इनर लाइट'. आतला उजेड. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं. भाव असा, की घर न सोडताही सगळं जाणता येतं, उलट भटकण्यानं समज कमीच होते. पण शीर्षकातले शब्द गाण्यात एकदाही येत नाहीत. मग गूढ अर्थ आपणच लावायचा. मी लावला: देव आत आहे, बाहेर कशाला शोधायचा?

मागच्या वर्षी हाच अर्थ मी याडीवर वापरला. रामनवमीच्या आधी तिचा फोन आला, पोहरादेवीला घेऊन चल म्हणून. मी म्हणालो, "याडी, देव आपल्या आतच आहे. मोबाइलवर लाइव्ह दर्शन लावून देतो." ती फक्त "बरं" म्हणाली. ऑफिसात रिलीज होतं हे खरं, पण मागितली असती तर सुट्टी मिळाली असती. आळस माझा होता, नाव अध्यात्माचं दिलं.

ते मनाला टोचत राहिलं, म्हणून शीर्षक पारखायला बसलो. बग शोधतो तसं, मुळापासून. गाण्याचा आशय चिनी 'ताओ ते चिंग'च्या 47व्या प्रकरणातला. ते जॉर्ज हॅरिसनला सुचवलं केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी. त्यांच्या 'लॅम्प्स ऑफ फायर' या संग्रहात त्या उताऱ्याला हेच शीर्षक होतं. म्हणजे नाव बीटल्सचं नाही आणि मूळ चिनी ग्रंथाचंही नाही. मास्कारोंनी गीतेचंही भाषांतर केलंय, आणि पाचव्या अध्यायाच्या 24व्या श्लोकात 'अंतर्ज्योती' हा शब्द आहे! मी उडालोच. पण म्हणून शीर्षक गीतेतूनच आलं असं ठरवलं, तर ते पुन्हा न पारखता मानणं झालं. इंग्लंडच्या क्वेकर पंथातही ही कल्पना शतकानुशतकं आहे.

मात्र गीता उघडलीच होती, तर पुढचा श्लोकही वाचला. 25वा. त्यात सगळ्या प्राण्यांच्या हितात रमणाऱ्यांबद्दल सांगितलंय. आतल्या उजेडाला लागूनच दुसऱ्यांचं हित. मी एक श्लोक आधीच थांबलो होतो, आणि माझ्या अर्थात याडी कुठेच नव्हती.

यंदा तिला घेऊन गेलो. मानोरा तालुक्यातलं हे गाव आपली काशी, पण आपली माणसं मुळात एका जागी बसणारी कधी होती? पूर्वज बैलांवर धान्य-मीठ लादून लदेणी करायचे. घर न सोडता जाणायचं, हे त्यांना सांगून बघा! जगदंबेचं दर्शन झालं, महाराजांच्या समाधीपुढे याडी बराच वेळ बसली. बाहेर आलो तर तिच्या माहेरच्या तांड्यातली एक म्हातारी भेटली. दोघी गळ्यात पडल्या आणि सूर धरून रडायला लागल्या, आपल्याकडची भेटीची जुनी रीत. किती वर्षांनी भेटल्या, कोण गेलं, कुणाला नातू झाला, सगळं त्या सुरातच. मी पाण्याची बाटली घेऊन नुसता उभा. मागच्या वर्षी लाइव्ह दर्शनाच्या लिंकवर मी तिला हे दिलं असं समजत होतो.

परतताना गाडीत तिला ते गाणं ऐकवलं. शब्द तिला कळले नाहीत, पण बासरी आवडली. म्हणाली, "हे आपल्याकडचंच वाजवणं वाटतंय. कुठं केलं?"

"मुंबईत. जानेवारी 1968. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गाणाऱ्याचा आवाज नंतर लंडनला घेतला."

"आणि तो गाणारा कुठला?"

"इंग्लंडचा. पुढच्याच महिन्यात ऋषिकेशलाही आला होता."

"मग तोही घर सोडूनच आला की," ती म्हणाली, आणि दिग्रसला चहाला थांबायचं का विचारलं.