निवडलेला धोका, लादलेला धोका

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना मार्ग भिवंडीच्या अंगावरून जातो आणि शहापूर, कसारा, इगतपुरी, नाशिक, धुळे मागे टाकत माळव्यात शिरतो. पुढे दिल्ली-चंदीगडमार्गे मनालीला पोहोचणारे रस्तेही त्याच वाटेला येऊन मिळतात. समुद्रसपाटीलगतच्या भिवंडी या यंत्रमागांच्या शहरातून सायकलवर निघालेल्या माणसाला हिमालयापर्यंत सलग रस्ता आहे. त्याच रस्त्यावर भिवंडीचा कामगारही पाळी गाठण्यासाठी सायकल चालवतो. वाहन एकच असले, तरी पहिल्याच्या प्रवासाला समाज साहस म्हणतो आणि दुसऱ्याच्या प्रवासाची दखलही घेत नाही. या दोन प्रवासांतील धोक्यांचे स्वरूप तपासले, तर दूरच्या सायकलप्रवासाचे खरे मोल कशात आहे आणि त्यातून शहराने काय घ्यावे, हे दोन्ही स्पष्ट होते.

मनाली ते लेह हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता भारतीय सायकलस्वारांना फार काळापासून खुणावत आला आहे. बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला या खिंडी (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडताना सायकलस्वार ५,३०० मीटरांच्या पुढे जातो. कसारा घाट चढून गाठले जाणारे इगतपुरी सुमारे ६०० मीटरांवर आहे, हे लक्षात घेतले की या उंचीची कल्पना येते. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असल्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो, आणि घाई करणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशा लक्षणांचा पर्वतीय आजार गाठतो. तो टाळण्याचा मुख्य उपाय म्हणजे शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास वेळ देणे. म्हणूनच ३,००० मीटरांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारणपणे ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा संकेत पाळला जातो. यंत्रही हाच संयम शिकवते. पुढचे दातेरी चक्र मागच्यापेक्षा लहान ठेवले, की पायडलचा एक फेरा पूर्ण होऊनही मागचे चाक पूर्ण फिरत नाही. वेग पायी चालणाऱ्याइतका उतरतो, पण दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या लादलेली सायकल चढण चढते.

या वाटेवरील धोके खरे आहेत, मात्र त्यांतील बहुतेक आधी ओळखता येतात. वाटेत लागणाऱ्या झिंगझिंगबारच्या परिसरातील ओढ्यांचेच पाहा. रात्रीच्या थंडीने बर्फाचे वितळणे मंदावते आणि सकाळी ओढ्यातले दगडगोटे उघडे दिसतात. दुपारच्या उन्हाने तेच पाणी रस्त्यावरून लोटू लागते, इतके की सायकल खांद्यावर घेऊनही पाय ठरत नाहीत. जाणता सायकलस्वार म्हणून पहाटे निघतो, आणि उशीर झाला तर अलीकडेच तंबू ठोकतो. धोक्याचे स्वरूप समजून घेण्याची, त्याची वेळ निवडण्याची आणि प्रसंगी माघार घेण्याची मोकळीक असणे, हेच साहसाचे लक्षण होय.

प्रत्येक संकट मात्र अंदाजात बसत नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये, वयाच्या विशीत पोहोचतानाच, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. कॅनडाच्या निर्जन भागात त्यांच्या मागे अस्वल लागले आणि स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून त्यांना लुटण्यात आले. या घटना कोणी निवडत नाही. तरीही ज्या प्रवासात त्या घडल्या तो स्वेच्छेने स्वीकारलेला होता, आणि म्हणूनच त्यांतून तावून-सुलाखून निघणे हा त्या व्यक्तीचा पराक्रम ठरतो.

अशा प्रवासाला स्वावलंबनाची परमावधी मानण्याचा प्रघात आहे. पण ते अर्धेच खरे आहे. लडाखमधील अनेक रस्ते सीमा सडक संघटनेचा ‘हिमांक’ प्रकल्प १९८५ पासून सांभाळतो, आणि तेथे डांबर तापवणाऱ्या, दरड बाजूला सारणाऱ्या हातांमध्ये झारखंडच्या दुमका भागातून आलेल्या मजुरांचे हात मोठ्या संख्येने असतात. मनाली-लेह वाटेवरील पांगसारख्या ठिकाणी हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या तंबूंतील गरम जेवण नसेल, तर सामान्य सायकलस्वाराला पुढची खिंड दिसणार नाही. ज्याला निर्जन म्हणून गौरवले जाते, तेही परक्याच्या श्रमावर उभे असते, आणि हे उमगणे ही या प्रवासाची सर्वांत मोलाची कमाई आहे.

हीच दृष्टी घेऊन भिवंडीकडे वळले पाहिजे. येथील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगारांनी आपली उमर घातली आहे, आणि मानकोली, राहनाळ, पूर्णा परिसरात गोदामांची दाटी झाल्यापासून रस्त्यांवर अवजड कंटेनरांची रांग हटत नाही. पाळी सुटल्यावर हँडलला डबा अडकवून निघालेला कामगार एका बाजूला कंटेनरची चाके आणि दुसऱ्या बाजूला खचलेली साइडपट्टी यांच्या मधल्या हातभर जागेतून जातो. वळण घेणाऱ्या चालकाला आपल्या डाव्या कुशीतला सायकलस्वार पुष्कळदा आरशातही दिसत नाही. या माणसाला उशिरा निघण्याची सोय नाही, दुसरी वाट नाही आणि माघार तर नाहीच, कारण माघारीचा अर्थ बुडालेला रोज. खिंड चढणाऱ्याइतकेच त्याचेही प्राण पणाला लागतात, परंतु त्याने ते लावलेले नसतात. ज्यात नकाराला जागा नाही त्याला साहस म्हणणे हा श्रमिकांवर अन्याय आहे. तो धोका केवळ लादलेला असतो.

यावरून पर्वतातील सायकलप्रवास हा सुखवस्तूंचा छंद ठरत नाही. आपल्या बळाचे माप घेणारी, निसर्गापुढे वेळेवर थांबायला शिकवणारी आणि दुसऱ्याच्या श्रमाचे ऋण दाखवणारी ती एक शिस्त आहे, आणि भिवंडीच्या तरुणांनी ती जरूर अंगी बाणवावी. पण हिमालयातून परतणाऱ्याच्या गळ्यात हार घालणाऱ्या शहराने कामगाराच्या सायकलीला रस्त्याची एक सुरक्षित कड, रात्रीचा उजेड आणि नाक्यांवर कंटेनरांपासून वेगळी वाट देणे हे आपले पहिले कर्तव्य मानले पाहिजे. जिवाची जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार खिंडीत असतो तसाच भिवंडीच्या अंजूरफाट्यावरही असला पाहिजे.