तिथी अढळ, पावलं लवचिक

ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वर सोडते आणि सुरुवातीलाच सातपूरला मुक्कामी उतरते. चाल वीसेक किलोमीटरचीच, पंढरपूर अजून चारशेहून अधिक किलोमीटर लांब. घरी बसून केलेले बेत किती टिकतात, ते मात्र याच मुक्कामी कळायला लागतं.

वारीचं वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजलं जातं. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. मधे अधिक मास येतो, तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. मग वाटेतले मुक्काम त्याप्रमाणे आवळायचे किंवा सैल करायचे. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात लोणंदचा मुक्काम कधी एक दिवसाचा असतो, कधी दोन. ही ऐनवेळची तडजोड नव्हे. आखणी करतानाच शिलाईत ठेवलेली माया आहे. आपल्या कचेऱ्यांतल्या योजनांत ती नसते, म्हणून एक दिवस चुकला की सगळंच उसवतं.

सातपूरच्या एमआयडीसीतल्या कामगाराला महिनाभराची रजा कोण देणार? तो पाळी सुटल्यावर दिंडीत शिरतो, नाशिकपर्यंत, फार तर पळसेपर्यंत चालतो आणि परततो. जमलंच तर दशमीला एसटीने पंढरपूर गाठतो. कडवे लोक याला अर्धी वारी म्हणतात. मला हे हिशेबीपण खटकतं. पुष्कळ घरांत वारी घराण्याची असते: यंदा सासरे, पुढल्या वर्षी धाकटा दीर. दिंडीत विणेकरी थकला तर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली ठेवली जात नाही. माणसानं बदलायला हरकत नाही, वीणा थांबता कामा नये. उलट, माझ्या पायाला फोड आला म्हणून दिंडीनं थांबावं, ही मागणी तिथे कुणी ऐकत नाही. ट्रकमध्ये बसा, मुक्कामी भेटू.

माणूस बदलो, वारी थांबू नये, या विचाराची कसोटी २०२० मध्ये लागली. करोनामुळे चालणंच रद्द झालं. मानाच्या पालख्यांच्या पादुका ३० जूनला मोजक्या माणसांसह एसटीने पंढरपुरात आल्या, १ जुलैला एकादशी. पायी चालणं हा वारीचा प्राण, असं पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्यांनी तेही सोडलं, पण तिथी सोडली नाही. मग प्राण नेमका कशात होता? पुढच्या वर्षीही पादुका बसनेच आल्या. तरी वाखरीपासून थोडं तरी अंतर चालू द्या, असा आग्रह झाला आणि मोजक्यांना तेवढी परवानगी मिळाली. म्हणजे चालण्यावरचा हक्क कुणीच पुरता सोडलेला नव्हता.