पणाला लावलेले कोणाचे?

सभापर्वातील द्यूतप्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भरसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न वरवर पाहता कायद्याचा होता : युधिष्ठिराने आधी स्वतःला गमावले, की तिला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही त्याचे नेमके उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणू शकले. हा प्रश्न उतारवयात मला पुन्हा भेटला तो एका मोटारीच्या निमित्ताने, आणि तोही एका छापील अर्जाच्या रूपाने. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो. त्याच्याजवळ टर्बो पेट्रोल इंजिनाची फोक्सवॅगन पोलो आहे आणि तिच्यावर त्याचा फार जीव आहे. इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलून त्याने तिची ताकद वाढवून घेतली; या प्रकाराला ही मंडळी रिमॅप म्हणतात. स्प्रिंगा आखूड बसवल्या, सायलेन्सर बदलला, ब्रेकचे पॅड अधिक उष्णता सोसणारे घातले. मी राज्य शासनाच्या परिवहन खात्यात तेहतीस वर्षे काढलेला माणूस. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मला पाठ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्यामुळे आमच्या भेटीत मोटारीचा विषय निघाला की मामा-भाच्यांचा वाद ठरलेला.

अशा एका वादात तो म्हणाला, “मामा, एकदा माझ्याबरोबर ट्रॅकवर चला. रस्त्यावर मी वेडेपणा करत नाही, तो तिथे करतो.” मी एकच अट घातली. ही गाडी तीनशे किलोमीटर सार्वजनिक रस्त्यावरून पळवत न्यायची नाही, ट्रकवर चढवून न्यायची. खर्च वाढला, परंतु त्याने ते मानले. आम्ही दोघे रेल्वेने गेलो.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टै येथे हा ट्रॅक आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ सालची. पूर्वी तिच्या शर्यती शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या जुन्या धावपट्टीवर होत. १९९० पासून त्या या स्वतंत्र मार्गावर होऊ लागल्या. मार्गाची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर असून त्यात बारा वळणे आहेत. आम्ही गेलो ती शर्यत नव्हती. हौशी मंडळींनी आपापल्या गाड्या आणाव्यात, ठरलेली वर्गणी भरावी आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी फेऱ्या माराव्यात, असा तो दिवस. बक्षीस नाही, क्रमांक नाही.

मी बेशिस्तीची अपेक्षा ठेवून गेलो होतो आणि शिस्त पाहून वरमलो. सकाळी प्रत्येक गाडी तपासली गेली. टायर, ब्रेक, बॅटरीची पकड, गळती, हेल्मेट, सारे पाहिले. नंतर सर्वांना एकत्र बसवून सूचना दिल्या. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी, लाल दिसला की पाळी बंद, निळा दिसला की मागून वेगवान गाडी येत आहे. ओलांडायचे ते केवळ सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने बाजू दिल्यावरच. पहिली फेरी सावकाश, मार्ग ओळखण्यासाठी. शेवटची फेरीही सावकाश, ब्रेक थंड होण्यासाठी. थांबल्यावर तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढायचा नाही. जिथे वेगमर्यादेची पाटी नाही तिथे इतके नियम, आणि ते पाळणारी इतकी तरुण मुले! आमच्या रस्त्यांवर पाट्या उदंड आहेत. तरीही २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे सरकारी अहवालात नोंदले आहे.

हा फरक कशामुळे पडतो? मला वाटते, संमतीमुळे. ट्रॅकवर जो जो उतरतो तो धोका जाणून, आपण होऊन उतरतो. रस्त्यावर भरधाव जाणारा मात्र शाळेतून परतणाऱ्या मुलाला, भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेला न विचारता आपल्या खेळात ओढतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात मांडलेला विचार असा की, इतरांना इजा होत नाही तोवर व्यक्तीच्या वर्तनावर समाजाने बळाने बंधन घालू नये. त्या कसोटीवर रस्त्यावरील वेग हा अपराध ठरतो आणि ट्रॅकवरील वेग ही ज्याची त्याची आवड ठरते. इथपर्यंत भाच्याचे म्हणणे मी मनोमन मान्य करून टाकले होते.

तेवढ्यात तो अर्ज घेऊन आला. “सर्व धोक्यांची मला जाणीव असून मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे,” अशा आशयाचा मजकूर, खाली सही. त्याच्याही खाली एक रकाना : आपत्काळी कोणास कळवावे? त्यात त्याने माझे नाव लिहिले होते. “तुमची सही लागेल, मामा. आणि आईला एवढ्यात काही सांगू नका. उगाच काळजी करत बसेल.”

माझी बहीण बेळगावला असते. मेहुणे गेल्यापासून एकटीच. हा तिचा एकुलता एक मुलगा.

आयुष्यात मी हजारो कागदांवर सह्या केल्या, परंतु इतका साधा कागद मला कधी इतका जड वाटला नव्हता. “स्वतःच्या जबाबदारीवर” या दोन शब्दांपाशी मी अडलो. हातपाय त्याचे, हे खरे. पण ते मोडले तर उशाशी कोण बसणार? विम्याचे म्हणाल तर आपल्याकडील खासगी मोटारींच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. अशा दिवशी त्या कागदाच्या भरवशावर राहता येत नाही. आणि धोका केवळ कागदावरचा नव्हता. याच ट्रॅकवर ८ जानेवारी २०२३ रोजी मोटारींच्या शर्यतीत ५९ वर्षांच्या एका अनुभवी चालकाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटारसायकलींच्या शर्यतीत अवघ्या तेरा वर्षांचा मुलगा गेला. त्या शर्यती होत्या आणि आमचा दिवस शर्यतीचा नव्हता, हे मान्य. परंतु डांबर तेच आणि वळणेही तीच.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मिलच्या कसोटीत “इतर” कोण, हे आपण फार घाईने ठरवतो. अंगावर गाडी येईल तो इतर, एवढाच अर्थ घेतला तर हिशेब सोपा होतो. ज्याचे आयुष्य आपल्या आयुष्यात गुंतले आहे त्यालाही इतर म्हटले, तर मात्र निखळ आपला म्हणावा असा धोका फारसा उरतच नाही. युधिष्ठिरालाही सर्व आपलेच वाटत होते. राज्य, भाऊ, पत्नी. विचारावे असे त्याला कुणी वाटले नाही.

याचा अर्थ आईने परवानगी दिली तरच मुलाने धाडस करावे, असा मी घेत नाही. तसे असते तर कुणी समुद्र ओलांडला नसता आणि कुणी सैन्यातही गेले नसते. तिला नकाराचा हक्क नसेल. परंतु जे गमावण्याची शक्यता आहे ते आज पणाला लागले आहे, हे कळण्याचा हक्क तिला आहे. मी सही करण्यास नकार दिला. “आधी आईला फोन कर,” म्हणालो.

भाच्याचे उत्तर बिनतोड होते. “मामा, सांगून तिचा फायदा काय? काही झालं नाही तर न सांगितल्याने तिचे चार तास सुखात जातील. तुमच्या तत्त्वासाठी तिने का घाबरायचं?” खरेच, याला माझ्याजवळ पक्के उत्तर नव्हते आणि आजही नाही. एवढेच सुचले की, प्रेमापोटी लपवलेली गोष्ट झाली तरी ती दुसऱ्याच्या वतीने आपणच घेतलेला निर्णय असतो. आईला काय सोसवेल, हे त्याने परस्पर ठरवून टाकले होते.

थोडा रुसूनच त्याने फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मला फोन देण्यास सांगून बहीण म्हणाली, “दादा, मला हे आवडलेलं नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत. झालं की लगेच कळवा.” मी सही केली.

त्या दिवशी त्याने तीन पाळ्या केल्या. चौथीत दोनच फेऱ्या मारून तो आत आला. ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जात आहे, असे त्याचे म्हणणे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळून वाफ धरली की पेडल नुसते दबते, गाडी थांबत नाही. इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या माझ्या भाच्याने हे तेल दोन वर्षे बदलले नव्हते. शेवटची पाळी त्याने सोडून दिली. आत येण्याचे कारण मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

गाडी पुन्हा ट्रकवर चढली. बंगळूरला परतल्यावर त्याने मूळ सायलेन्सर आणि मूळ स्प्रिंगा बसवून घेतल्या. आज्ञावलीवरून आमचे अजून पटलेले नाही.

बेळगावला आल्यावर बहिणीला भेटलो. चहा पुढे ठेवत ती म्हणाली, “दादा, ते चार तास मी देवापुढून उठले नाही.” मी खाली मान घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पुढच्या वेळी जाईल तेव्हाही सांगायला लावा हं त्याला.”