पॉट वाढतो तेव्हा काय वाढतं?

पॉट-लिमिट ओमाहात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात. त्यांतले नेमके दोन वापरायचे. चारांतून सहा जोड्या निघतात, म्हणून सगळ्यांनाच आपला हात भारी वाटतो. नवख्याला पहिला सल्ला: बरेच हात टाकून दे.

दुसरा सल्ला गणिताचा. चाल फार तर पॉटएवढी, म्हणजे मधे जमलेल्या पैशांएवढी. पण दोघेच खेळत असतील आणि प्रत्येक फेरीत पुरती चाल लागली, तर १० रुपयांचा पॉट तीन फेऱ्यांत २७० होतो.

‘हे कौशल्य आहे, जुगार नाही,’ असं मित्र म्हणतात. कौशल्य आहेच. पण ते फळतं तेव्हा पैसे येतात, ते ज्याला हात टाकता येत नाही त्याच्याकडून.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरानगरला, शेतकऱ्यांनी थोडं थोडं भागभांडवल घालून १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला. जोखीम तिथेही होती. पण ऊस आत गेला की साखर बाहेर यायची. पॉटमधून नवं काहीच निघत नाही.

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, अगदी कौशल्याचेही. माझा प्रश्न कायद्याच्या अलीकडचा आहे. हा खेळ समोरच्याला वाचायला शिकवतो. परवडत नसताना तो खेळतोय, हे वाचता आलं तर? मला वाटतं, तिथे आपला चांगला हातही टाकावा.