आपल्या समूहात कोण बोलत नाही?



पुनरुत्थानकाळातील आजच्या पाचव्या रविवारचे पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून (६:१-७) घेतले आहे. यरुशलेमेतील ख्रिस्तसभा तेव्हा अगदी कोवळी होती. प्रभूबरोबर जेवलेली माणसे त्या समूहात होती. पवित्र आत्म्याचा वर्षाव अनुभवलेली माणसे होती. जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवणारीही होती. आणि तरी तिथे कुरकुर सुरू झाली. ती धर्मसिद्धांतावरून नव्हे, रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. संत लूकने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, हे आपल्यावर त्याचे उपकारच आहेत.

या विधवा कोण होत्या? अनेक यहुदी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परदेशात राहत. त्यांतले काही जण उतारवयात पवित्र नगरीत येऊन राहत. नवरा वारला की बाई एकटी पडे. नातलग दूर आणि गल्लीतली भाषा वेगळी. स्थानिक लोक अरामी बोलत, हिची बोली ग्रीक. तिला उपाशी ठेवायचे असे कोणी ठरवले होते, असे लूक म्हणत नाही. मला वाटते, वाटप करणाऱ्याची नजर आधी ओळखीच्या चेहऱ्याकडे गेली, एवढेच झाले असावे. लहान समूहात अन्याय बहुधा असाच होतो. दुष्टपणाने नाही, सवयीने.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू. विदर्भातली मराठी कुटुंबे आहेत. रेल्वेच्या नोकरीमुळे ज्यांचे आजोबा दक्षिणेतून आले ती घरे आहेत. केरळची, गोव्याची माणसे आहेत. झारखंड-छत्तीसगढकडून कामासाठी आलेली आदिवासी कुटुंबे आहेत. रविवारी मिस्साला सगळे एका छपराखाली बसतात, शांतीचे चिन्ह देतात आणि घरी जातात. मोठ्या चर्चमध्ये एखाद्याला टाळायचे असेल तर दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसले की भागते. आठ-दहा घरांच्या लघु ख्रिस्ती समूहात ती सोय नाही. तिथे गुडघ्याला गुडघा लागतो. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पेत्र आपल्याला जिवंत दगड म्हणतो. भिंतीतला दगड शेजारच्या दगडाला टेकतो, कधी टोचतोही.

हे समूह हौसेने सुरू झालेले नाहीत. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियातील बिशपांच्या महासंघाची परिषद भरली. ख्रिस्तसभा ही समूहांचा समूह व्हावी, अशी दिशा तिथे ठरली. १९९२ साली पुण्यात भारतातील बिशपांनीही या कार्याला महत्त्व दिले. पुढे या प्रशिक्षणाचे बरेच काम आपल्या नागपुरातूनच, पल्लोटाईन धर्मगुरूंच्या केंद्रातून झाले. हेतू साधा होता : चर्चमध्ये ज्याला कोणी नावाने ओळखत नाही, त्याला शेजारच्या चार घरांनी तरी ओळखावे.

पण समूह भरतो तेव्हा काय होते? मे महिन्याची संध्याकाळ. कूलरसमोरच्या खुर्च्या आधी भरतात. त्या कोणाच्या, हे न सांगता सर्वांना ठाऊक असते. दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसणारेही तेच ते. वचन वाचून होते. मग एक जण त्याचा अर्थ समजावून सांगू लागतो. त्याचे सांगणे चांगलेच असते, फक्त ते वीस मिनिटे चालते. दुसरा त्याला दुरुस्त करतो. बाकीचे माना डोलावतात. दाराजवळच्या बाईला विचारले तर ती हसून म्हणते, “तुम्हीच सांगा.” तिला काही सांगायचे नसते असे नाही. तिला मराठी नीट येत नाही, किंवा वाचता येत नाही, किंवा मागच्या वेळी ती बोलली तेव्हा कोणीतरी हसले होते. आणि बोललीच तर तो हळू आवाज कूलरच्या घरघरीत विरून जातो.

शुभवर्तमानाची सहभागिता आपण ज्या सात पायऱ्यांनी करतो, ती पद्धत दक्षिण आफ्रिकेतील लुम्को या संस्थेत तयार झाली. तिसऱ्या पायरीला मनाला भिडलेला एखादा शब्द नुसता मोठ्याने म्हणायचा असतो. अर्थ सांगायचा नाही. ज्याला भाषण येत नाही त्यालाही एक शब्द उच्चारता येतो. चौथ्या पायरीला सर्वांनी शांत राहायचे असते. पाचव्या पायरीला प्रत्येकाने स्वतःला काय जाणवले तेवढेच सांगायचे, वाद नाही, उपदेश नाही. आपण काय करतो? तिसरी पायरी उरकतो. चौथी गाळतो, कारण दोन मिनिटांची शांतता आपल्याला अवघडते. पाचवीचे प्रवचन करतो. प्रवचनासाठी धर्मगुरू आहेत आणि त्यांचेही लोकांना पुष्कळदा लांबच वाटते!

दुसरी गोष्ट खाण्याची. सुरुवातीला चहा-बिस्किटे होती. मग एका घरी समोसे झाले, पुढच्या घरी समोसे आणि गोड, त्याच्या पुढच्या घरी जेवणच. कोणीही वाईट हेतूने केले नाही. पण एका खोलीत राहणारे, रोजंदारीवर जगणारे कुटुंब आपली पाळी आली की म्हणते, “पुढच्या महिन्यात बघू.” दोनदा असे झाले की ते यायचेच थांबते. करिंथमध्ये असेच झाले होते. ज्यांच्याकडे होते ते आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना मान खाली घालावी लागे. संत पौल त्यांना स्पष्ट सुनावतो की, तुमच्या अशा एकत्र येण्याने भले होण्याऐवजी नुकसानच होते (१ करिंथ ११:१७-२२).

मग त्या घराविषयी बोलणे सुरू होते. फाटकापाशी, फोनवर, बाजारात : “ते हल्ली येत नाहीत.” सर्वांना ठाऊक असते, फक्त त्यांच्या दारात कोणी जात नाही. प्रभू येशूने क्रम सांगितला आहे (मत्तय १८:१५-१७). आधी एकट्याने भेट, मग दोघा-तिघांना घेऊन भेट, शेवटी मंडळीला कळव. आपला क्रम उलटा असतो. आधी मंडळी, मग दोघे-तिघे, आणि त्या माणसाची पाळी आली तर आली.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. कुरकुर करू नका, असे ते म्हणाले नाहीत. तक्रार करणारे अविश्वासू, असेही म्हणाले नाहीत. सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, शेवटी अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली दिली गेली. आपल्याला हे जड जाते. नाराज माणसाची समजूत घालायला आपण तयार असतो, त्याच्या हाती कारभार द्यायला नाही. यरुशलेमेने तो दिला आणि त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली, असे लूक लिहितो.

या आठवड्यात सर्व समूहांनी हाच उतारा वाचावा. चौथी पायरी गाळू नये. समूहप्रमुखाने घड्याळ लावून दोन मिनिटे शांतता ठेवावी आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा. वचन दाराजवळ बसणाऱ्यांपैकी कोणीतरी वाचावे, मराठीत जमत नसेल तर हिंदीत किंवा आपल्या भाषेत. यापुढे कोणत्याही घरी चहा-पाण्याखेरीज काही ठेवू नये. हा नियम सर्वांना सारखा, धर्मगुरू आले तरी. आणि नाताळपासून जी कुटुंबे समूहात आलेली नाहीत, त्यांच्या घरी पुढच्या रविवारच्या आत दोघांनी जाऊन यावे. जाताना वर्गणीचे पावतीपुस्तक सोबत नेऊ नये.